फाशांना अंघोळ घालणारे दाजी

देवानं निर्माण केलेल्या प्रत्येक वस्तूत काही ना काही खोट राहून गेली आहे, असं बऱ्याच लोकांचं मत असतं. पण ती खोट नेमकी कुठं आहे हे प्रत्यक्ष देवाला नखानं दाखवून द्यायची तयारी असलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. आमचे दाजी. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी माल तपासण्यात घालवली. समोरच्या पट्ट्यावरून वस्तू येत, दाजी एकेक उचलत, उजव्या अंगठ्याचं मुद्दाम राखलेलं नख तिच्या कडेवरून फिरवत आणि 'पास' किंवा 'रिजेक्ट' एवढा एकच शब्द उच्चारून ती पुढं ढकलत. निवृत्तीनंतर पट्टा थांबला, पण नख थांबलं नाही.

ते नख आमच्या घरात पहिल्यांदा आलं ते दाजी ताईला पाहायला आले तेव्हा. पोह्यांची बशी हातात घेतली, पण पोह्यांकडे न बघता दाजींनी बशीच्या कडेवरून नख फिरवलं आणि गंभीरपणे म्हणाले, "रिजेक्ट." आतल्या दाराआड उभ्या असलेल्या माझ्या आईला वाटलं, झालं, हेही स्थळ गेलं. ती डोळ्याला पदर लावून स्वयंपाकघरात जाऊन बसली. मग मध्यस्थांनी आत येऊन खुलासा केला की मुलगी पसंत आहे, फक्त बशीची कड उडालेली आहे. ताई आजही म्हणते, "मला बघायला आले नव्हतेच ते. बशी बघायला आले होते, मी सोबत मिळाले."

या माणसाला दुकानात उभं करणं म्हणजे आपल्याच धंद्यावर दगड घालणं. औरंगपुऱ्यात माझं स्टेशनरीचं छोटं दुकान आहे. एकदा एक बाई मुलासाठी कंपासपेटी घेत होत्या. दाजींनी ती त्यांच्या हातातून अलगद काढून घेतली, त्यांच्या कानाजवळ नेऊन दोनदा उघडझाप केली आणि म्हणाले, "ऐका ताई. बिजागरी रडतीया." बाईंनी कंपासपेटी तर ठेवलीच, पण बांधून झालेल्या वह्याही परत केल्या. मी दाजींकडे पाहिलं, तर ते समाधानानं म्हणाले, "पाव्हणं, खराब माल विकायचं पाप टळलं तुमचं." त्यांच्या हातून सर्टिफिकेट मिळालेली वस्तू मला एकच ठाऊक आहे. पाहुण्यांना घेऊन आम्ही वेरूळला गेलो होतो. सगळे कैलास लेण्यासमोर माना वर करून उभे असताना दाजी खाली एका दगडी हत्तीच्या पायाशी बसले, बराच वेळ जोड शोधत राहिले, आणि शेवटी उठून त्यांनी हात जोडले. "एकच पीस हाय," ते पुटपुटले. "वरून खालपर्यंत. जोडच नाय."

अशा माणसाच्या हातात खेळांची पेटी पडायला नको होती. ती आणली त्यांच्या मुलीनं, मुक्तानं. ती तेव्हा पुण्यात नोकरीला होती. बापाचं निवृत्तीनंतर मन रमावं म्हणून तिनं एक नव्या धर्तीचा खेळ आणून दिला. हे म्हणजे आपल्या लहानपणचा सापशिडीचा घडी पडलेला पुठ्ठा नव्हे. यांची पेटी उघडली की आतून सबंध गाव निघतं. लाकडी माणसं, लाकडी मेंढ्या, पुठ्ठ्याची शेतं, जाड पत्ते, आणि हे सगळं बसवायला आत कप्पेसुद्धा. मुक्ताला वाटलं पप्पा खेळतील. पप्पांनी पेटी दोन्ही हातांत धरली, झाकण तिच्या तोंडावर टेकवून हात सोडले, आणि झाकण हळूहळू, आतली हवा सोडत खाली उतरताना पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मुक्ता जन्मली तेव्हाही आलं नव्हतं, असं ताईचं म्हणणं आहे. "झाकण असं बसलं पायजे," दाजी म्हणाले, "जसा पोटभर जेवलेला माणूस आरामखुर्चीत बसतो."

त्या दिवसापासून दाजी बिघडले. एक खेळ, मग दुसरा, मग भिंतभर. प्रत्येक नव्या पेटीची परीक्षा ठरलेली. आधी वास. पेटीत नाक खुपसून ते डोळे मिटत आणि निकाल देत, "छापखान्याचा वास हाय, चांगलाय," किंवा "चपलेच्या दुकानाचा वास येतोय, कंपनीनं गोंदात हात मारलाय." मग पुठ्ठ्याच्या चकत्या चौकटीतून बोटानं दाबून काढायच्या, पण घाईनं नाही, एखाद्या लहान मुलाच्या पायातला काटा काढावा तशा. एखाद्या चकतीला धागा राहिला तर बारीक पॉलिश पेपर. पत्ता वाकवून सोडायचा आणि तो टणकन सरळ होतो का पाहायचं. आणि फाशाचा तोल बघायला तो मिठाच्या पाण्यात सोडायचा. पाण्यात तरंगणारा फासा बोटानं फिरवला की दर वेळी तीच बाजू वर येत असेल, तर फासा बेईमान.

आता ही परीक्षा त्यांनी सुरू केली ती ऐन दुष्काळात. ताईचा फ्लॅट जालना रोडच्या आत, जिथं काही वर्षांपूर्वी मोसंबीच्या बागा होत्या तिथं आहे. बागा वाळल्या आणि त्यांच्या जागी इमारती उगवल्या. झाडांना जे पाणी मिळालं नव्हतं ते आता माणसं मागत होती. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येई, तेही आलं तर. भांडी राखेनं घासायची वेळ आली होती. अशात एक दिवस ताईनं पाहिलं, तर दाजी काचेचा मोठा ग्लास भरून त्यात फासे बुडवतायत.

"अहो, घरात माणसांना अंघोळी नाहीत आणि तुम्ही फाशांना घालताय?"

"तोल बघतोय. पाणी कुठं वाया चाललंय?"

"मीठ घातलंय त्यात! तुळशीलासुद्धा चालायचं नाही."

दाजींनी शांतपणे ग्लास तिच्या हातात दिला. "मंग वरणात घाल. मिठाचं काम झालंच हाय." त्या दुपारी मी जेवायला होतो. वरण उत्तम झालं होतं. ताईनं ते कशाचं आहे हे मला ताक पिऊन झाल्यावर सांगितलं.

दुष्काळात चांगलं काही शोधून काढणारा सबंध मराठवाड्यात हा एकच माणूस असावा. लोक आभाळाकडे बघून हताश होत, आणि दाजी भिंतीवरच्या पेट्यांकडे बघून म्हणत, "एक मात्र हाय, कोरड्या हवेत पुठ्ठा वाकत नाय." पुढं ढग दाटून येऊ लागले की कॉलनीतली पोरं गच्चीवर धावायची आणि दाजी आत धावायचे, कारण आता प्रत्येक पेटीत ओल शोषणारी पुडी टाकायची असे. त्या पुड्या त्यांनी ओळखीच्या सगळ्या घरांतून, बुटांच्या खोक्यांतून आणि नव्या पर्सांमधून गोळा केल्या होत्या. कुणी नवा बूट घेतला की आधी दाजींना फोन जाई.

एका पेटीत एक लाकडी मेंढी निघाली, जी उभी राहीना. सारखी एका अंगावर पडे. दुसऱ्या कुणी ती तशीच वापरली असती. दाजींनी तिला दोन दिवस देवघरापाशी ठेवून निरखलं, मग मुक्ताकडून तो खेळ बनवणाऱ्या परदेशी कंपनीला कळवलं की आमची एक मेंढी पायानं अधू आहे. आणि आश्चर्य म्हणजे सातासमुद्रापलीकडून नवी मेंढी आली! करंगळीच्या पेराएवढी मेंढी, तिच्या दसपट मोठ्या खोक्यात. कुरिअरवाल्यानं विचारलं, "काका, एवढं हलकं काय आहे?" दाजी सही करता करता म्हणाले, "मेंढी." तो एक पायरी मागं सरकला. संध्याकाळी शेजारपाजारचे लोक मेंढी बघून गेले. ताईनं तिला चक्क कुंकू लावलं; ते निघता निघेना म्हणून दाजी तिच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

खेळ देखणा असणं ही आणखी वेगळी परीक्षा. सगळा खेळ टेबलावर मांडून झाला की दाजी स्टुलावर चढून वरून बघत, मग दारात जाऊन लांबून बघत. त्यानंतर ताईनं चहाचा ट्रे घेऊन टेबलाजवळून जायचं. ती थांबली तर खेळ पास. "खेळानं जाणाऱ्याला हाक मारली पायजे," हा त्यांचा सिद्धांत. ताईला चहा गार व्हायची चिंता असल्यानं ती कधीच थांबत नसे, आणि त्यामुळं लाखमोलाचे देखणे खेळ या परीक्षेत नापास होत. पुढं पुढं ती समजूतदारपणे क्षणभर थांबून "अगंबाई!" म्हणून पुढं जाऊ लागली.

एवढं सगळं झाल्यावर दाजी ते खेळ खेळत असतील, असं कुणालाही वाटेल. नाही. मांडून झालं, बघून झालं, की आवरायला सुरुवात. मी एकदा भोळेपणानं फासा उचलला तर म्हणाले, "पाव्हणं, हात धुतले का?" मी धुऊन आलो तोवर झाकण आरामखुर्चीत बसलेलं होतं. नियमांचं पुस्तकही ते उघडत, पण शिलाई बघायला. इतक्या खेळांचा हा धनी, पण एकही डाव त्यानं शेवटापर्यंत खेळलेला नव्हता.

आणि मग मुक्तानं स्वतःच एक खेळ तयार केला. नोकरी सांभाळून, शनिवार-रविवार खपून तिनं तो रचला होता आणि पुण्यातली एक छोटी कंपनी तो बाजारात आणायला तयार झाली होती. खेळाचं नाव 'टँकर आला!' चार इमारतींची एक कॉलनी, फासा टाकून रस्त्यावरून फिरवायचा एक लाकडी टँकर, आणि पाण्याचे निळे लाकडी थेंब. आपापल्या गच्चीवरची टाकी भरायची, पण एकाची जरी टाकी कोरडी पडली तरी सगळेच हरले. कंपनीनं पहिला नमुना दिला होता. तो घेऊन मुक्ता एका रविवारी घरी आली. मलाही बोलावलं होतं, ताई म्हणाली होती, "ये रे बाबा. दोघांच्या मधे कुणीतरी असू दे."

दाजींनी चष्मा पुसला. झाकण ठेवलं. ते थाडकन पडलं. दाजींनी डोळे मिटले. मग त्यांनी वास घेतला, पत्ता वाकवला, नख फिरवलं, थेंब एकावर एक रचून बघितले. मुक्ता खुर्चीच्या कडेवर बसून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"झाकण ढिलं हाय," दाजी म्हणाले. "निळा रंग दोन तऱ्हेचा लागलाय. पत्ता मऊ हाय, दहा डावांत मान टाकंल. टँकरचं मागचं चाक..."

"पप्पा, खेळ कसा आहे?"

"खेळ?" दाजी गोंधळले. "खेळ कुठं खेळलो अजून? मालाचं सांगतोय मी."

मुक्ता उभी राहिली. ती ओरडली नाही, हेच वाईट होतं. "दहावीला मी शाळेत पहिली आले तेव्हा तुम्ही मार्कशीट हातात घेतली आणि काय म्हणाला होतात, आठवतंय? 'बोर्डानं कागद हलका केलाय.' मार्क नव्हते बघितले, पप्पा. आईनं नंतर वाचून दाखवले तुम्हाला."

दाजींचं नख पुठ्ठ्यावर होतं तिथंच राहिलं. ताई पदराशी चाळा करत खिडकीबाहेर बघत होती.

तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. टँकर! त्या काळात त्या आवाजापुढं कुठलंही दुःख टिकत नसे. ताईनं पाइप उचलला, मी कॅन उचलले. मुक्तानं मात्र पेटी उचलली आणि आमच्या आधी जिना उतरून गेली.

खाली नेहमीचं रण माजलं होतं. आधी ए विंगची टाकी भरायची की बी विंगची, यावरून ए विंगच्या पाथ्रीकर काकू आणि बी विंगचे शेख चाचा यांच्यात तो सगळा उन्हाळा अबोला होता. म्हणजे बोलत होते, पण भांडणापुरतं. टँकरचा पाइप जोडेपर्यंत वेळ लागणार होता. मुक्तानं पार्किंगमध्ये एक रिकामा ड्रम उपडा केला, त्यावर खेळ मांडला आणि कुणालाच न बोलावता बसून राहिली. शेख चाचा तिच्या बाजूनं बादली घेऊन चालले होते. ते थांबले.

"ये क्या है बेटी? अपनाच कॉलनी दिखता!"

"हो चाचा. टँकरचा खेळ आहे."

"असली टँकर कम है क्या?" असं म्हणत ते बादली उपडी करून तिच्यावर बसले. ते बसले म्हटल्यावर पाथ्रीकर काकूंना उभं राहणं शक्यच नव्हतं. चौथा गडी हवा होता. दाजी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते. त्यांची नजर पाथ्रीकर काकूंच्या घामानं ओल्या बोटांवर होती, त्या बोटांत पत्ता होता, आणि पत्त्याच्या कोपऱ्यावर डाग पसरत होता. मला वाटलं यांना आता चक्कर येणार.

"पप्पा," मुक्ता वर न बघता म्हणाली, "एक जागा आहे."

"हात धुवून..." दाजी सुरू झाले आणि सभोवार बघून थांबले. हात धुवायला पाणी कुठं होतं? ते आले आणि ड्रमापाशी मांडी घालून बसले.

पहिला थोडा वेळ त्यांनी आपल्या थेंबांच्या रंगछटा वेगळ्या लावण्यात घालवला. मग शेख चाचांनी टँकर त्यांच्या दारावरून वळवून नेला, आणि दाजींनी मान वर केली. "आवं, आमच्या दारात येत व्हता तो!" "हौ, अब नहीं आता," चाचा म्हणाले. दाजी गुडघ्यावर उठून बसले. त्यानंतर जे झालं ते मी दुकानात, लग्नात, कुठंच पाहिलं नव्हतं. दाजी ओरडत होते. दाजी फासा फुंकून टाकत होते. ओल्या हातानं पत्ते खेचत होते. "काकू, एक थेंब द्या, पुढच्या खेपंला दोन देतो, आईची शपथ!" खऱ्या टँकरचं पाणी भरणं चालू होतं, ए विंगची टाकी की बी विंगची याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. लोक पाइप धरून वाकून डाव बघत होते.

शेवटी शेख चाचांची टाकी कोरडी पडली आणि नियमाप्रमाणं सगळे हरले. एका थेंबानं. मुक्तानं थेंब मोजले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "एक कमी आहे." सगळे ड्रमाखाली वाकून शोधू लागले. फक्त दाजी शोधत नव्हते. ते फार सरळ बसले होते.

"पप्पा, मूठ उघडा."

ज्या माणसानं अख्ख्या नोकरीत एक खोटा पीस पुढं सोडला नाही, त्याच्या तळहातावर निळा थेंब घामानं चिकटलेला होता. मग पाथ्रीकर काकू हसल्या, चाचा हसता हसता बादलीवरून खाली आले, आणि मुक्ता तर ड्रमावर डोकं टेकून हसत राहिली, इतकी की डोळ्यांतून पाणी आलं. दाजी कानापर्यंत लाल झाले होते. त्यांनी थेंब जागेवर ठेवला, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "लई डेंजर खेळ केलाय पोरी. माझ्यासारख्याला चोर केला. पास!" मग जरा थांबून, "झाकणाचं बघू आपण."

त्या दिवसानं कॉलनीतली भांडणं मिटली असं मी म्हणणार नाही. पुढच्या टँकरलाही भांडण झालंच. फक्त ते लवकर आटोपून लोक ड्रमाकडे धावले. दाजींनी पुण्याच्या कंपनीला फोन करकरून झाकणाचा जीव घेतला, आणि खेळ बाजारात आला तेव्हा झाकण अगदी जेवून बसल्यासारखं उतरत होतं. फार खपला नाही. पण मुक्ताच्या हातचं काम कुणीतरी पाहिलं आणि खेळ बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीत तिला नोकरी लागली. दाजी तिला निरोप द्यायला गेले तेव्हा तिच्या बॅगेची चेन चारदा उघडून मिटून पाहिली.

आता कॉलनीला नळाचं पाणी बरं येतं. पार्किंगमध्ये गाड्या झाल्या, ड्रम मांडायला जागा नाही. पाथ्रीकर काकू मुलाकडे राहायला गेल्या. भिंतीवरच्या पेट्या तशाच आहेत, पण दाजी नवी पेटी आणत नाहीत. दर रविवारी दुपारी मुक्ताचा व्हिडिओ कॉल येतो. ताई फोन डब्याला टेकवून उभा करते, आणि बापलेक खेळतात. तिकडून ती सांगते, इकडे दाजी तिच्या वतीनं टँकर हलवतात. तिला मधेच कुणाची तरी हाक येते, उठावं लागतं, आणि डाव अर्धा राहतो.

गेल्या आठवड्यात मी सहज म्हणून गेलो. बुधवार होता. ताईनं पानं जमिनीवर वाढली होती, कारण जेवणाच्या टेबलावर रविवारचा डाव तसाच मांडून ठेवलेला होता. पंखा बंद होता, पत्ते उडू नयेत म्हणून. घामाघूम होऊन आम्ही जेवलो. मी म्हटलं, "दाजी, फोटो काढून ठेवा आणि आवरा ना. रविवारी परत मांडता येईल."

दाजी ताकाची वाटी खाली ठेवून टेबलाकडे बघत राहिले.

"आवरता येत नाय," ते म्हणाले. "तिची चाल हाय."